मंडालेचा राजा, रत्नागिरीचे टिळक आणि ‘आपण’ नावाची कल्पना

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला राणीसकट बोटीत बसवलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवलं. तीस वर्षं तो इथेच होता. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पुरा झाला, १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला, वाडा अजून उभा आहे. आता उलट दिशेचा प्रवास बघा. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांना १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी झाली मंडालेला. तिथला तुरुंग होता थिबाच्याच जुन्या राजवाड्याच्या कोटात.

कोकणात ही गोष्ट योगायोग म्हणून मिटक्या मारत सांगितली जाते. मला त्यात योगायोगापेक्षा हिशेब जास्त दिसतो. राजाला ठेवायचं ते त्याची भाषा कुणाला कळत नाही अशा गावात. संपादकाला ठेवायचं ते त्याचा एकही वाचक नाही अशा शहरात. दोघांकडेही फौज नव्हती. जे होतं ते त्यांचं बोलणं समजून घेणाऱ्या माणसांत होतं, आणि इंग्रजांनी नेमकं तेच तोडलं. साहित्य-संस्कृतीचा आणि राष्ट्राचा संबंध काय, हा प्रश्न आपल्याकडे परिसंवादाचा विषय मानतात. साम्राज्य चालवणाऱ्यांना तो रोजच्या कारभाराचा विषय वाटत होता.

प्रश्न नेमका असा आहे. १८०० साली दापोलीकडच्या एखाद्या कुळाला ‘तू कोण?’ म्हणून विचारलं असतं, तर त्याने गाव सांगितलं असतं, जात, कुलदैवत, फार तर खोत कोण ते. शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याचा पणतू स्वतःला हिंदुस्थानी म्हणवू लागला. पंजाब त्याने पाहिलेला नाही, बंगाली त्याला कळत नाही, तरी लाहोरला किंवा कलकत्त्याला काही घडलं की ते आपल्या माणसांना झालं असं त्याला वाटू लागलं. हे वाटणं आलं कुठून?

याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर बेनेडिक्ट अँडरसन या अभ्यासकाने १९८३ मध्ये मांडलं. त्याचं म्हणणं सोपं करून सांगायचं तर, राष्ट्र म्हणजे कधीच एकमेकांना न भेटणाऱ्या माणसांनी मनात बांधलेला समाज. आणि तो बांधायला मोठा हातभार लागला छापखान्याचा, म्हणजे वर्तमानपत्राचा आणि कादंबरीचा. लाखो अनोळखी माणसं एका भाषेत एकच बातमी वाचतात आणि दुसरेही आत्ता हेच वाचताहेत हे प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यातून ‘आपण’ तयार होतो. ‘मनात बांधलेला’ म्हणजे खोटा, असं मात्र त्याला म्हणायचं नव्हतं.

हे उत्तर कोकणपट्टीवर लावून बघितलं की मजा येते, कारण हिंदुस्थानातला पहिला छापखाना याच किनाऱ्यावर उतरला. साल १५५६, गाव गोवा. १६१६ मध्ये रायतूरला फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. मराठी ओव्या, लिपी रोमन, लिहिणारा इंग्लंडातून आलेला जेझुइट पाद्री. ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा’ ही मराठीची थोरवी गाणारी ओळ आपण अभिमानाने म्हणतो ती याच ग्रंथातली. म्हणजे यंत्र होतं, भाषा होती, कवीही होता. पण राष्ट्र काही उगवलं नाही. छापलेलं विकत घेणारा, त्यावर वाद घालणारा, उत्तर लिहून पाठवणारा वाचकवर्ग नव्हता. छापखाना धर्मप्रसारासाठी होता आणि पाद्र्यांच्या ताब्यात होता. पुढे १६८४ मध्ये तर गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक बोली तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोला, असा हुकूम काढला.

वाचकवर्ग जमायला सुरुवात झाली ती थेट १८३२ मध्ये, मुंबईत, पण कोकणच्याच माणसाच्या हातून. देवगडजवळच्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारीला ‘दर्पण’ काढलं, एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी. त्या वेळी त्यांचं वय विशीचं. राज्यकर्त्यांना इथल्यांचं मत कळावं आणि इथल्यांना जगातल्या घडामोडी, अशी त्यांची सरळ कल्पना होती. बंड वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं. पण एकदा जाहीरपणे मत मांडायची सवय लागली की ती मोडता येत नाही. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली, १८८१ मध्ये ‘केसरी’. या पन्नास वर्षांत मराठी गद्य ‘साहेबांना कळवण्यासाठी’ लिहिणं सोडून ‘आपल्या लोकांना हलवण्यासाठी’ लिहू लागलं.

या छापील मराठीची एक किंमतही होती, ती जाता जाता नोंदवतो. क्रमिक पुस्तकं, व्याकरण, कोश हे सगळं एका प्रमाण भाषेत झालं, आणि मालवणी, संगमेश्वरी, आगरी, कोळी या बोलणाऱ्यांना शाळेत गेल्याबरोबर कळलं की आपण अशुद्ध बोलतो. राष्ट्राच्या ‘आपण’मध्ये शिरताना त्यांना आईची भाषा दाराबाहेर ठेवावी लागली.

अँडरसनच्या उत्तरातली एक फट थिबाच्या गोष्टीतून दिसते. ब्रह्मदेश १८८६ पासून १९३७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्याच कारभाराखाली होता. व्हाइसरॉय तोच, नकाशाचा रंग तोच, रंगूनला जायला परवाना लागत नव्हता. शाळा, रेल्वे, कचेऱ्या यांनीच राष्ट्र बनत असतं तर ब्रह्मी माणूसही आपल्या ‘आपण’मध्ये यायला हवा होता. तो आला नाही, आणि त्याला यायचंही नव्हतं. त्याच्या कथा, त्याचा बौद्ध धर्म, त्याचे राजे, त्याचे सण वेगळे होते आणि त्यावर तो स्वतःचा ‘आपण’ उभारत होता. १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा झाला तेव्हा इकडे हळहळ फारशी कुणाला वाटली नाही. तुकडा तुटला असं म्हणायला आधी तो मनाने जोडलेला असावा लागतो. चौकट साम्राज्याने दिली हे खरं, पण आत काय भरायचं ते गोष्टींनी ठरवलं.

चाचा की सरखेल

गोष्टी काय करू शकतात याचं कोकणातलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे कान्होजी आंग्रे. अठराव्या शतकातलं इंग्रजी लिखाण उघडलं तर हा माणूस ‘पायरेट आंग्रिया’, समुद्रावरचा लुटारू. मराठी कागदांत तोच मराठी आरमाराचा सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. घडामोडी दोन्हीकडे त्याच: आपल्या पाण्यात शिरणाऱ्या जहाजाने दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं असं कान्होजीचं म्हणणं, आणि मुंबईच्या इंग्रजांना ते नामंजूर. दस्तक मागणारा माणूस चाचा ठरतो की अधिकारी, हे समुद्र कुणाचा मानता यावर अवलंबून. १८२६ मध्ये ग्रँट डफ या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला आणि पुढची पिढी इंग्रजी शाळेत तोच शिकली. मग नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६० च्या दशकात त्यावर टीका लिहिली. पेणजवळच्या वरसईचे वि. का. राजवाडे तर गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळत हिंडले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं खंडामागून खंड छापत गेले. हे नुसतं संशोधन नव्हतं. आपला भूतकाळ दुसऱ्याच्या हस्ताक्षरात वाचायचा नाही, असा तो हट्ट होता. १९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतल्या तळाला ‘आंग्रे’ नाव दिलं तेव्हा त्या हट्टावर सरकारी शिक्का बसला.

पण आता १७५६ कडे बघा. त्या वर्षी विजयदुर्गाच्या बंदरात कान्होजीचा मुलगा तुळाजी आंग्रे याचं आरमार जळालं. वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींची जहाजं समुद्राकडून आली होती, आणि जमिनीकडून त्यांच्या मदतीला होती पेशव्यांची फौज. नानासाहेब पेशवे आणि तुळाजी यांचं पटत नव्हतं, ईस्ट इंडिया कंपनीला आंग्रे नकोच होते, दोघांनी हातमिळवणी केली. त्या काळाच्या हिशेबात यात नवल काही नव्हतं; शत्रूचा शत्रू तो मित्र. ‘मराठे विरुद्ध इंग्रज’ अशी सरळ रेघ ओढली की मात्र हा प्रसंग कुठेच बसत नाही, म्हणून तो शाळेच्या पुस्तकातून भरभर उरकला जातो. एर्नेस्ट रेनाँ या फ्रेंच विद्वानाने १८८२ मधल्या एका व्याख्यानात म्हटलं होतं की राष्ट्र घडायला एकत्र आठवणी लागतात, तसंच पुष्कळ काही एकत्र विसरावंही लागतं. विजयदुर्गावर उभं राहून खाली पाण्याकडे बघताना हे वाक्य पुस्तकापेक्षा चांगलं कळतं.

रायगडावरचे दोन शिवाजी

शिवाजी महाराजांची समाधी कोकणात, महाडजवळ रायगडावर. १८६९ मध्ये जोतिराव फुल्यांनी महाराजांवर पोवाडा छापला. त्यातले महाराज ‘कुळवाडीभूषण’ आहेत, कष्टकऱ्यांचे, शूद्रातिशूद्रांचे राजे. समाधीची आबाळ झाल्याचं जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने १८८३ मध्ये लिहिलं, त्यावर मराठी वर्तमानपत्रांत चर्चा पेटली. टिळकांनी १८९५ मध्ये ‘केसरी’तून निधी जमवायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी गडावर उत्सव झाला. टिळकांचे महाराज परकीय सत्तेशी झुंजणाऱ्या सगळ्या लोकांचे पुढारी. एकच माणूस, एकच गड, पण फुल्यांचा प्रश्न ‘आपल्यातलाच वरचढ कोण?’ असा आहे आणि टिळकांचा ‘बाहेरचा वरचढ कोण?’ असा. महाराष्ट्राचं निम्मं राजकारण अजून या दोन प्रश्नांच्या मधेच चाललेलं आहे.

उत्सवाचं साहित्य सरकारने किती गंभीरपणे घेतलं ते १८९७ मध्ये दिसलं. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत आला आणि ‘शिवाजीचे उद्गार’ नावाची कविता. खाली कवीच्या नावाऐवजी ‘भवानी तलवारीची खूण’. कवितेत महाराज जागे होतात आणि ढासळलेले गड, परदेशी गेलेली लक्ष्मी बघून कळवळतात. इंग्रजांना मारा असं कुठेही नाही. आठवड्याने, २२ जूनला, पुण्यात प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली आणि टिळकांवर खटला उभा राहिला. सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा न्यायमूर्ती स्ट्रेचींनी अर्थ लावला. ज्यूरीतले सहा युरोपीय एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या बाजूला. दीड वर्षाची सक्तमजुरी. कविता वाचून सरकारबद्दल प्रेम वाटेनासं झालं तर तो कवितेचा गुन्हा, असं साहित्यसमीक्षेचं तत्त्व त्या दिवशी कायद्यात शिरलं म्हणा ना.

नाव न घेता

मग लिहिणाऱ्यांनी आडवाट धरली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, विराटाच्या दरबारातली. राजा दुबळा, सत्ता गाजवणारा कीचक, दासीच्या वेषातली द्रौपदी त्याच्या नजरेला पडलेली. युधिष्ठिर म्हणतो थोडं थांबा, नियमाने जाऊ. भीम म्हणतो आता पुरे. बंगालची फाळणी करून गेलेल्या कर्झनला प्रेक्षकांनी कीचकात ओळखलं, द्रौपदीत देश पाहिला, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार व्हॅलेंटाइन चिरोल याने चिडून लिहिलं, त्याचा आशय असा की नाटकात कर्झनचं नाव कुठेही नाही, पण थिएटरात ते प्रत्येकाला माहीत आहे. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

सिंधुदुर्गात दशावतार बघत वाढलेल्याला यात नवीन काही वाटणार नाही. जत्रेची रात्र, देवळासमोरची मोकळी जागा, पायपेटी आणि मृदंग. पूर्वरंगातला संकासुर लोकांची टर उडवत फिरतो, मग आख्यान लागतं. संहिता नसते. कथा आणि पात्रं ठरतात, संवाद नट जागेवर बोलतो, समोर बसलेल्या गावाकडे बघून. दुर्योधन बोलता बोलता गावच्या पुढाऱ्याला चिमटा काढून जातो आणि हशा आधी कुठल्या कोपऱ्यातून येतो त्यावरून कोणाला लागलं ते कळतं. पुराणाचा पडदा धरून वर्तमानावर बोलायचं ही कला आणि ते ओळखायची कला, दोन्ही इथे निरक्षर माणसालाही येत होत्या. नाटकांवर नियंत्रण ठेवायला सरकारने १८७६ मध्ये कायदा केला होता. पण जिथे हस्तलिखितच नाही तिथे तपासणाऱ्याने हातात धरायचं काय? वर्तमानपत्राच्या इतिहासात हा रंगमंच येत नाही, आणि माझ्या मते अँडरसनच्या मांडणीत आपल्या बाजूने घालायची सगळ्यात मोठी भर हीच आहे. इथे बहुतेकांना वाचता येत नव्हतं. ऐकणं आणि बघणं यांतूनच ‘आपण’ त्यांच्यापर्यंत पोचला.

ऐकीव राष्ट्रवादाचा पुरावा मुंबईत मिळाला. गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या चाकरमान्यांचा भरणा मोठा. आगबोटीने जायचं, मनिऑर्डर गावी पाठवायची, शिमग्याला आणि गणपतीला परतायचं. ‘केसरी’ एकजण वाचणार आणि अख्खी खोली ऐकणार. २२ जुलै १९०८ ला टिळकांना शिक्षा झाली आणि गिरण्या बंद पडल्या. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप. रस्त्यावर फौज आली, गोळीबार झाला. त्या संपात टिळकांबद्दलचा राग किती आणि कामाच्या तासांबद्दलचा किती, यावर इतिहासकारांत अजून वाद आहे, आणि तो असायलाच हवा. पण स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या लेनिनलाही त्याची दखल घ्यावीशी वाटली. हाच चाकरमानी परतताना मेळ्यांतली गाणी, मुंबईची भाषा आणि नव्या पुढाऱ्यांची नावं गावी घेऊन येई. सार्वजनिक गणपती पुण्या-मुंबईचा झाला, कोकणात गणपती घरातच राहिला, पण आरतीनंतरच्या गप्पांत देश येऊन बसला.

आता अडचणीची बाजू. ‘आपण’ म्हटलं की कुंपण आलंच, आणि कुंपणाच्या आतबाहेर कोण हे कोकणात फार जवळून दिसतं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, लष्करातून निवृत्त झालेले. ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहून त्यांनी १८८८ च्या सुमारास अस्पृश्यतेलाच प्रश्न विचारले. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर हात लावता येत नाही त्यांना ‘आपली संस्कृती’ कशी सांगायची? चाळीस वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली, आणि तिथल्या भाषणात बाबासाहेबांनी त्या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. एक पुस्तक जाळायचं आणि दुसऱ्या देशाच्या क्रांतीची आठवण काढायची! राष्ट्र साहित्यातून घडतं हे त्यांनाही मान्य होतं. कुठलं साहित्य, एवढाच वाद होता, आणि तो वाद फार मोठा होता.

त्याच वर्षांत रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले वि. दा. सावरकर वेगळं उत्तर देत होते. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याख्येप्रमाणे ही भूमी ज्याची पितृभू आणि पुण्यभू दोन्ही आहे तो हिंदू, आणि त्यांच्या कल्पनेतल्या राष्ट्राचा गाभा तोच. जातीच्या भिंती पाडण्यासाठी त्यांनी पतितपावन मंदिरही उभं केलं, १९३१ मध्ये. पण व्याख्येचा दुसरा अर्धा भाग बाणकोटपासून राजापूरपर्यंतच्या कोकणी मुसलमानांना लावून बघा. शतकानुशतकं इथली माती, इथली मासेमारी, इथली बोली. पितृभू पुरी, पुण्यभूपाशी ते बाहेर राहतात. जातीचं कुंपण खाली घेताना धर्माचं वर गेलं.

आणि गोवा तर वेगळ्याच साम्राज्यात होता, १९६१ पर्यंत. पोर्तुगीज गेल्यावर प्रश्न आला, महाराष्ट्रात जायचं का? कोकणी ही मराठीची बोली, तेव्हा संस्कृती एकच, असं विलीनीकरणवाल्यांचं म्हणणं. देवळात मराठी, भजन मराठी, शाळा मराठी, हे सगळं खरंच होतं. दुसऱ्या बाजूला वामन वर्दे वालावलीकरांनी, म्हणजे शणै गोंयबाबांनी, मुंबईत राहून कोकणीत लिहिलेल्या पुस्तकांनी कोकणी ही वेगळी भाषा असल्याची जाणीव रुजवली होती. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. महाराष्ट्रात जाऊ नका, असा प्रचार गोवेकरांच्या घरोघरी रोज पोचवणारं दैनिक होतं ‘राष्ट्रमत’. त्यातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लोक वाट बघून वाचत. सदर मराठीत होतं, दैनिकही मराठीत.